जिथे तार सगळ्यात कमी हलते

इलेक्ट्रिक गिटारची तार बॉडीवरच्या ब्रिज नावाच्या आधारावर, त्याच्या सॅडलवर, घट्ट टेकलेली असते. टेकलेल्या जागेच्या जितकं जवळ जावं, तितकी ती कमी हलते. दार बिजागरीपाशी बोटभर सरकतं तेव्हा कडीपाशी हातभर फिरलेलं असतं, तसंच हे. तारेखाली बसवलेला, तिचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग म्हणजे पिकअप. ब्रिजजवळच्या, म्हणजे ब्रिज पिकअपचं सगळं बरं-वाईट तारेच्या या कमी हलण्यातून येतं. तो बसतोच अशा जागी, जिथे तारेकडे द्यायला फार थोडं असतं. म्हणून ‘सगळ्यात दमदार ब्रिज पिकअप कोणता?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. आपल्या गिटारमध्ये त्या जागी काय कमी पडतंय आणि ते कशामुळे कमी पडतंय, हे आधी पाहावं. पिकअप विकत घेणं हे त्यानंतरचं काम.

थोडं मोजून बघू. स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारची स्केल, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) वरच्या टोकाला असलेल्या नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, ६४८ मिमी असते. ब्रिज पिकअपचा मध्य सॅडलपासून साधारण ४० मिमीवर येतो, नेक पिकअपचा साधारण १६० मिमीवर. उघडी तार छेडली की तिचा मूळ सूर नेकपाशी जितका मिळतो, त्याचा पाव हिस्सा, फार तर किंचित जास्त, ब्रिजपाशी मिळतो. वरच्या हार्मोनिकांचं, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांचं, मात्र उलट होतं. आठवा हार्मोनिक ब्रिजपाशी पूर्ण भरात असतो, आणि नेकपाशी तोच जवळजवळ शून्यावर येतो. त्यामुळे ब्रिजचा आवाज धारदार, कातरल्यासारखा. नेकचा गोल आणि भरलेला. लाकूड कोणतंही घ्या, कंपनी कोणतीही घ्या, हे गणित बदलत नाही.

हे गिटार बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ब्रिज पिकअप तिरका बसवलेला आहे. जाड तारांची बाजू ब्रिजपासून थोडी लांब, बारीक तारांची जवळ. जाड तारांना थोडा भरणा मिळतो, बारीक तारांना धार. टेलिकास्टरमध्ये ब्रिज पिकअपच्या बुडाशी धातूची पट्टी आहे आणि तो पिकअप स्टीलच्याच ब्रिज प्लेटमध्ये टांगलेला आहे. त्या आवाजातला ठसठशीत टणत्कार इथून येतो. गिब्सनने १९५७ मध्ये लेस पॉलवर सेथ लव्हर यांचा दोन कॉइलचा हमबकर बसवला. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, त्यांच्या चुंबकांची टोकंही उलट. त्यामुळे तारेचा आवाज बेरजेत येतो आणि विजेची गुणगुण वजाबाकीत जाते. शिवाय दोन कॉइल मिळून तारेचा जास्त रुंद भाग ऐकतात, म्हणून ब्रिजपाशीसुद्धा आवाजाला अंग येतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डिमार्झिओ या पिकअप कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन आला. तेव्हापासून गिटार तीच ठेवून फक्त पिकअप बदलायचा रिवाज पडला, आणि आज आपण सगळे त्याच रिवाजात आहोत.

पण बदलण्याआधी तपासायच्या काही गोष्टी आहेत. त्यांना खर्च नाही, किंवा असला तर चहाच्या बिलाइतका.

पहिली गोष्ट टोनच्या बटणाची. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, वायरिंगमध्ये दोन टोन नॉब असतात; एक नेकसाठी, एक मधल्या पिकअपसाठी. ब्रिजला टोन नसतोच. तिखट आवाजाचा पिकअप, वर त्यावर टोनचा लगाम नाही, मग तो कानात टोचणारच. यावर उपाय एका इंचभर वायरचा आहे. पाच-जागी स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनची जी टोचणी (वायर सोल्डर करायचं टोक) आहे, तिथून ब्रिजच्या टोचणीला जोड द्यायचा. मग खालचा टोन नॉब ब्रिजवरही चालतो. आणि नुसतं नॉब फिरवायची सोय होते असं नाही. टोन पूर्ण उघडा असला तरी तो २५० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) आता पिकअपच्या वाटेत भार म्हणून येतो, त्यामुळे टोक आपोआप थोडं बोथट होतं. ‘माझ्या गिटारचा ब्रिज पिकअप खराब आहे’ अशा तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

दुसरी गोष्ट उंची. स्टीलची पट्टी घ्या, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पोलपीसच्या, म्हणजे पिकअपवर प्रत्येक तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या खुंटीच्या, माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइलला सुरुवात म्हणून जाड तारेकडे २.४ मिमी, बारीक तारेकडे २ मिमी. हमबकरला दोन्हीकडे १.६ मिमीच्या आसपास. उंचीचा स्क्रू एक पूर्ण फेरा फिरवला की पिकअपची ती बाजू साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर सरकते, म्हणून एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि ऐकावं. तीन-चार पाव फेऱ्यांत आवाजाचा पोत किती बदलतो, हे प्रत्यक्ष केल्याशिवाय पटत नाही. जवळ आणला की आवाज मोठा, घट्ट, घाईचा. लांब नेला की मोकळा, हवेशीर, पण जरा मागे गेलेला. फार जवळ आणला आणि चुंबक दांड्यांचे असले, तर ते तारेलाच ओढतात. मग जाड तारेवर वरच्या फ्रेटला एकाच सुरात दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात आणि काही केल्या इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं, जुळत नाही. हा दोष नेककडे जास्त दिसतो, कारण तिथे तार जास्त हलते, पण ब्रिजकडेही दिसतो. उंची बदलून पाहिली नाही तोवर पिकअपबद्दल मत बनवू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

तिसरी गोष्ट पॉट आणि केबल. इथे थोडं थांबायला हवं, कारण निवडीचं मर्म इथेच आहे.

पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल. तिला इंडक्टन्स (विजेच्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतो, आणि केबलला कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याचा गुण). दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आवाजाला शिखर येतं आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. केबलचा कपॅसिटन्स दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरला, तर ६ मीटर केबलचे ६०० होतात, आणि पिकअपचे स्वतःचे शंभरेक. आता स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरला तर शिखर येतं ३.९ किलोहर्ट्झच्या जवळ. जुन्या घाटाच्या हमबकरचा ४.४ हेन्री धरला तर २.९ किलोहर्ट्झ. जास्त वेढ्यांच्या ‘हॉट’ हमबकरचा ८ हेन्री, तर २.१ किलोहर्ट्झ. पहिला चमकतो, दुसरा बोलतो, तिसरा गुरगुरतो. त्यांच्यातला फरक मोठेपणापेक्षा या शिखराच्या जागेचा अधिक आहे. केबल ६ मीटरच्या ऐवजी ३ मीटरची लावली, तर तोच ४.४ हेन्रीचा हमबकर २.९ वरून ३.८ किलोहर्ट्झवर जातो. म्हणजे केबल बदलून अर्धा पिकअप बदलल्यासारखं होतं.

पॉट त्या शिखराची उंची ठरवतो. ५०० किलोओहमचा असेल तर शिखर उंच आणि टोकदार, २५० चा असेल तर ठेंगणं आणि मऊ. म्हणून सिंगल कॉइलला २५० आणि हमबकरला ५०० ही रीत पडली. पण रीत म्हणजे कायदा नव्हे. हमबकर असूनही आवाज टोचत असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या टोचण्यांमध्ये ४७० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. ५०० आणि ४७० समांतर जोडले की २४२ होतात. नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो चिल्लर पैशांत मिळतो, आणि नाही आवडला तर एका टोकाचं सोल्डर सोडवलं की झालं. सेमूर डंकन कंपनीच्या जेबी पिकअपच्या वरच्या मध्यमात एक टोक आहे. कित्येकजण तो मुद्दाम २५० च्या पॉटवर वाजवतात, ते याचसाठी.

आता किलोओहमच्या आकड्याविषयी. दुकानात, जाहिरातीत, मित्रांच्या गप्पांत पिकअपची ताकद या एका आकड्याने मोजली जाते. आठ म्हणजे मवाळ, सोळा म्हणजे दणका. हा आकडा कॉइलच्या तांब्याचा रेझिस्टन्स सांगतो, त्यापलीकडे काही नाही. कॉइलमधली ४४ गेजची बारीक तार ४२ गेजच्या तारेपेक्षा त्याच लांबीला दीडपटीहून अधिक रेझिस्टन्स दाखवते. जेबीचा ब्रिज पिकअप १६ च्या वर दाखवतो आणि त्याच कंपनीचा फिफ्टीनाइन ८ च्या आसपास, म्हणून जेबी दुप्पट मोठा वाजतो असं नाही. त्यात बारीक तार आहे, वेढे जास्त आहेत, शिखर खाली आलेलं आहे. फरक आहे, चांगला ठळक आहे, पण दुप्पट नाही.

आणि या आकड्याचा कच्चेपणा नागपूरइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २५ अंशांना बरोबर ८ किलोओहम दाखवणारा पिकअप जानेवारीच्या पहाटे १० अंशांना साडेसात दाखवेल, आणि मे महिन्यातल्या दुपारी, कूलर बंद असलेल्या ४२ अंशांच्या खोलीत, साडेआठ. पूर्ण एका किलोओहमचा फरक. आवाज मात्र तोच, कारण शिखर इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सवर ठरतं. जुना पिकअप विकत घेताना विकणाऱ्याने सांगितलेल्या ७.८ ऐवजी मीटरवर ८.३ दिसलं, म्हणून फसवणूक झाली असं लगेच समजू नये; आधी खोलीचं तापमान बघावं. या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कॉइल तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, हमबकरची एक कॉइल शॉर्ट झाली असेल तर निम्मं दाखवतो. पिकअप जिवंत आहे की नाही हे कळतं, गातो कसा हे कळत नाही.

चुंबकाचं थोडक्यात. अल्निको हा अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा चुंबक. त्यातला अल्निको २ मऊ, त्याच्या खालच्या सुरांना थोडा सैलपणा असतो. अल्निको ५ जास्त जोरकस, खालचे सूर घट्ट, वरचे उजळ. सिरॅमिक आणखी ताठ. भरपूर गेनवर (सिग्नल खूप वाढवून, आवाज फाटेपर्यंत), जाड तारा खाली उतरवून वाजवताना शब्द स्पष्ट राहतात. पण चुंबक एकटा काही ठरवत नाही. त्याच चुंबकावर वेढे किती आणि कोणत्या तारेचे, यावर सगळं उलटसुलट होऊ शकतं. ‘सिरॅमिक म्हणजे स्वस्तातला, कर्कश’ हा समज स्वस्त गिटारच्या पिकअपमुळे पसरला. सुपर डिस्टॉर्शनही सिरॅमिकच आहे.

मग गिटार वाजणार कुठे, हा प्रश्न. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेकांकडून हाच राहून जातो.

एप्रिल ते जून नागपुरातल्या घरात डेझर्ट कूलर चालूच असतो. त्याची पंख्याची मोटर, पाण्याचा पंप, बाजूला जुना इन्व्हर्टर, भिंतीवर स्वस्तातला एलईडी बल्ब; सिंगल कॉइल या सगळ्यांना ऐकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, पण त्रास होतो तो तिच्या पटीतल्या १००, १५०, २५० हर्ट्झच्या गुणगुणीचा, आणि जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ती करवतीसारखी होते. क्लीन वाजवताना चालून जातं. ब्रिजवर डिस्टॉर्शन लावलं की दोन सुरांमधली शांतता उरत नाही. गणेशोत्सवात मंडपात जनरेटर, डिमर, रोषणाईच्या माळा. दीक्षाभूमीच्या दिवसांतले भीमगीतांचे मंच, लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कुठेही वीज तुमच्या सोयीची नसते. मंचावर वाजवणाऱ्याने ब्रिजला हमबकर घ्यावा, असं मी कचरत नाही सांगायला. स्ट्रॅटचं अंग कापायचं नसेल तर सिंगल कॉइलच्याच खाचेत बसणारे दोन पात्यांचे हमबकर मिळतात. त्यांत स्ट्रॅटच्या आवाजातली काचेसारखी चमक थोडी हरवते, पण गुणगुण जाते. ती चमक हवीच असेल तर एकाखाली एक कॉइल असलेले नॉइजलेस प्रकार बघावेत.

इथेच एक खूण सांगतो. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे सर्वसाधारण आहे. म्हणजे ब्रिजची अर्थ वायर जोडलेली आहे आणि खाचेतलं शिल्डिंग कमी आहे. हात लावूनही काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची ती वायर तुटलेली असू शकते. हात लावल्यावर वाढत असेल किंवा झिणझिण्या येत असतील, तर गिटार खाली ठेवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अँपच्या तीन पिनांमधली अर्थ पिन काढून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून गुणगुण घालवायची पद्धत जीवघेणी आहे. नवीन पिकअप या दोषाला बरा करणार नाही.

ऑर्केस्ट्रातल्या गिटारवादकाची अजून एक अडचण. अँप नेता येत नाही, म्हणून केबल थेट मिक्सरला जाते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स (बदलत्या विजेला होणारा विरोध) साधारण १० ते २० किलोओहम असतो, आणि पॅसिव्ह पिकअपला हवा असतो १ मेगाओहमच्या आसपास. इतक्या भाराखाली हमबकरची उतरण १ किलोहर्ट्झच्या खालीच सुरू होते. ब्रिज पिकअप घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो, मग वादक आणखी तिखट पिकअप शोधतो, आणि तोही तिथे मरतो. अशा वेळी पिकअपवरचा हा भार काढून घेणारा डीआय बॉक्स किंवा बफर असलेला पेडल आधी घ्यावा. दर आठवड्याला असेच कार्यक्रम असतील तर ॲक्टिव्ह पिकअपचा विचार जरूर करावा. ईएमजी ८१ सारख्या पिकअपमध्ये आतच प्रीअँप असतो, ९ व्होल्टची बॅटरी लागते, बाहेर येणारा इम्पिडन्स कमी असतो, त्यामुळे लांब केबल आणि मिक्सर यांचा त्याला फारसा फरक पडत नाही. पण तो घेताना २५ किलोओहमचे पॉट, स्टिरिओ जॅक आणि बॅटरीला जागा, हे तिन्ही लागतात. जुने ५०० चे पॉट तसेच ठेवले तर नॉब स्विचसारखा वागतो: एक तर बंद, नाहीतर पूर्ण. आणि केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी विनाकारण उतरत राहते.

माझं मत विचाराल तर, एकाच गिटारवर सगळं वाजवणाऱ्याने ब्रिजला मध्यम ताकदीचा हमबकर घ्यावा: अल्निको ५, ४२ गेजची तार, ८ ते साडेनऊ किलोओहमच्या घरातला. क्लीन वाजवताना तो शब्द गिळत नाही, आणि गेन तर अँपमधून, पेडलमधून हवा तितका वाढवता येतो. उलट दिशेने जाता येत नाही. जास्त वेढ्यांचा पिकअप हलका वाजवला तरी शिखर खालीच राहतं. ज्याचं वाजवणं नव्वद टक्के मेटल आहे, त्याने सिरॅमिक किंवा ॲक्टिव्ह बघावा. ज्याला जुन्या टेलिकास्टरचा तो टणत्कार आवडतो, त्याने सिंगल कॉइलच ठेवावा, गुणगुण सहन करावी आणि अँपपासून जरा वळून बसावं. कोन बदलला की ती बरीच कमी होते. पी-९० हा मधला मार्ग आहे, सिंगल कॉइलच, पण जाडजूड आवाजाचा, आणि गुणगुण मात्र पूर्ण.

नेक पिकअप तोच ठेवणार असाल तर दोघांचा मेळ पाहा. तार ब्रिजपाशी कमी हलते, म्हणून ब्रिजचा थोडा जोरकस असणं योग्यच. पण नेकला साडेसातचा जुन्या घाटाचा आणि ब्रिजला सोळाचा, अशी जोडी जमवली तर स्विचच्या मधल्या जागेवर, दोन्ही एकत्र वाजताना, फक्त ब्रिज ऐकू येतो.

मापं घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. पूर्ण आकाराचा हमबकर सुमारे ७० बाय ३८ मिमीचा. स्ट्रॅटची खाच अरुंद, त्यात तो बसत नाही. यामाहा पॅसिफिका ११२ सारख्या गिटारला ब्रिजकडे मुळातच हमबकर आहे, तिथे अदलाबदल सोपी. मग पोलपीसचं अंतर. पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंत पिकअपच्या बरोबर वर मोजा. डिमार्झिओमध्ये दोन मापं आहेत, ४८.६ आणि ५१ मिमी. नट ४३ मिमी किंवा जास्त रुंद असेल तर ब्रिजला बहुधा रुंद माप लागतं. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर आवाजाला फारसं काही होत नाही, डोळ्यांना मात्र रोज खटकतं. टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप बदलताना त्याच्या बुडाची धातूची पट्टी विसरू नका. कित्येक गिटारमध्ये ब्रिज प्लेटचं अर्थिंग त्या पट्टीतून, पिकअपच्याच स्क्रूंवाटे होतं. नवीन पिकअपला पट्टी नसेल तर ब्रिजला वेगळी अर्थ वायर ओढावी लागते, नाहीतर पिकअप बदलल्यावर गुणगुण वाढली म्हणून आपण नव्या पिकअपला दोष देत बसतो.

आता बसवणं. तारा सैल करा, बॉडीवर सुती कापड पसरा आणि काहीही सोडवण्याआधी जुन्या वायरिंगचा मोबाईलवर फोटो काढा. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न स्विचच्या टोचण्यांना पुरतो. पॉटच्या पाठीला मात्र ४० ते ६० वॉट लागतात. हे उलटं वाटेल, पण मोठ्या वॉटचा आयर्न पॉटला कमी इजा करतो, कारण तीन-चार सेकंदांत काम होतं. छोटा आयर्न तिथे अर्धा मिनिट धरून ठेवला तर आतली कार्बनची पट्टी भाजते आणि नॉब खरखरू लागतो. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासून घ्या. ६०/४० चं, आत राळ असलेलं, ०.८ मिमीचं सोल्डर वापरा. नळकामाची आम्लाची पेस्ट इथे आणू नका, ती तांबं खात राहते. पंखा आणि कूलर तेवढ्यापुरते बंद करा, वाऱ्याने जोड लवकर थंड होतो. नीट झालेला जोड चकचकीत आणि पसरट असतो. मळकट, गोळीसारखा दिसला तर तो कच्चा आहे. पुन्हा तापवा, वर आणखी सोल्डर थापू नका.

चार वायरींच्या हमबकरमध्ये रंगांवरून घोटाळा होतो. सेमूर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी आणि उघडी अर्थला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून झाकून ठेवायच्या. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी एकत्र. डिमार्झिओचा पिकअप डंकनच्या नकाशाने जोडला तर एक कॉइल उलटी लागते. मीटर पूर्ण रेझिस्टन्स दाखवतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. वाजवल्यावर आवाज पातळ, नाकातून आलेला, आणि गुणगुण हमबकर असून सिंगल कॉइलपेक्षा जास्त. अशी लक्षणं दिसली की पिकअप परत पाठवण्याआधी रंग तपासा. एकत्र जोडलेल्या वायरींवर हीट-श्रिंक नळी चढवावी. काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात पाघळतो आणि वर्षभरात टेप सुटून वायर शिल्डला टेकते.

नवा आणि जुना पिकअप एकत्र लावल्यावर पोकळ आवाज आला, तर दोघांची फेज उलट आहे, म्हणजे एकाचा सिग्नल चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. हे आधीच कळू शकतं. मीटर २० किलोओहमवर ठेवा, पिकअपला जोडा, लोखंडी पेचकस पोलपीसला टेकवा आणि आकडा चढतो की उतरतो ते बघा. दुसऱ्या पिकअपला, मीटरच्या वायरी त्याच क्रमाने लावून, हेच करा. दोन्हीत एकच दिशा असेल तर फेज जुळली. नसेल तर एका पिकअपच्या सिग्नल आणि अर्थ वायरींची अदलाबदल करायची. उघडी शिल्ड वायर मात्र अर्थलाच ठेवायची. दोनच वायरी असलेल्या आणि धातूचं कव्हर असलेल्या पिकअपमध्ये ही अदलाबदल तशीच केली तर कव्हर सिग्नलला जोडलं जातं, आणि हात लागला की गुणगुणतं. तिथे आधी कव्हरची जोडणी वेगळी करावी लागते. वायरी कापायच्या आधी मगरचिमटे लावून हे सगळं तपासून घ्यावं, कारण वायर कापलेला पिकअप दुकानदार सहसा परत घेत नाही.

मेणाबद्दल एक सूचना. कॉइल थरथरू नये म्हणून बरेच पिकअप मेणात बुडवलेले असतात, साधारण ६५ अंशांना वितळणाऱ्या पॅराफिन आणि मधमाशीच्या मेणाच्या मिश्रणात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान त्याच्या जवळ जाऊ शकतं. मेण मऊ होऊन सरकलं की पुढे मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागतो. तार हाताने दाबून धरली तरी शिट्टी थांबत नसेल तर दोष पिकअपचा. गिटार गाडीत ठेवून लग्नाच्या जेवणाला बसू नये. कूलरच्या झोतातही ती ठेवू नये. त्या ओल्या हवेने पोलपीसचे स्क्रू आणि तारा दोन्ही गंजतात.

बसवून झाल्यावर उंचीचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, आणि नागपुरात ते एकदा करून भागत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नेकचं लाकूड आखडतं, बहुधा तार खाली येते. जुलैत हवा दमट झाली की बहुधा नेकला बाक वाढतो, तार वर जाते, आणि मे महिन्यात नीट जुळवलेलं सगळं पुन्हा बघावं लागतं. अशा वेळी आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) नेकचा बाक बघावा, मग सॅडलची उंची, आणि सगळ्यात शेवटी पिकअपचे दोन स्क्रू, पाव-पाव फेऱ्याने.